गरी, तंगूस आणि चार टाळकी

मागच्या अंकात रत्नागिरीच्या मांडवी धक्क्यावरून गरवण्याबद्दल, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडण्याबद्दल, चार ओळी लिहिल्या, तर संपादकांनी टपालाचा गठ्ठाच धाडला. आधीच सांगतो, मी काही दर्यावर्दी नाही. रत्नागिरीत एस.टी.च्या वर्कशॉपात इंजिनं उघडण्यात माझी सगळी नोकरी सरली. रविवारी मात्र आम्ही चौघं कातळावर: मी, टेलर, मास्तर आणि बँकेतला पोरगा. पोरगा आता पन्नाशीला आलाय, पण आमच्यात तो पोरगाच. या चौघांनी मिळून ज्या चुका केल्या, त्यांच्या जिवावर ही उत्तरं लिहितोय.

प्रश्न : आम्ही चार मित्र डिसेंबरात रत्नागिरीला येणार आहोत. किनाऱ्यावरून मासे पकडायचे आहेत. रॉड दोन हजारांपासून वीस हजारांपर्यंत दिसतात. कोणता घ्यावा? (पुणे)

रॉड कोणता ते विचारलंत. भरती किती वाजता, ते नाही विचारलंत. असो, त्याचं उत्तर खाली एका ताईंना दिलंय, तेही वाचा.

पहिल्या खेपेला रॉड घेऊच नका. तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, घ्या, शंभरेक मीटर, एखाद्या रिकाम्या बाटलीला गुंडाळा, आणि हाताने फेकायला शिका. मासा गरीला तोंड लावतो तेव्हा बोटाला जे कळतं ते रॉडच्या टोकाला कळायला वर्ष जातं. बोटाला कापडाची पट्टी मात्र बांधा, तंगूस सुरीसारखा कापतो. आवड टिकली तर मग नऊ-दहा फुटी रॉड, चार हजार नंबरची रील आणि वीस-तीस पौंडी विणलेली दोरी. यापेक्षा जास्त आम्हाला आजवर लागलेलं नाही. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायची, जोरात फवारा मारायचा नाही, नाहीतर मीठ बेअरिंगमध्ये आत जातं. एवढं तरी मेकॅनिकचं ऐका.

गरीच्या नंबरात सगळे फसतात. दहा नंबरची गरी बारीक, चार नंबरची मोठी, आणि एक नंबर ओलांडला की वन-ओ, टू-ओ अशा पुन्हा चढत जातात. डिसेंबरात भाट्याच्या वाळूवर तुम्हाला मुडदुशी मिळेल, तिला आठ-दहा नंबरची गरी आणि सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरे. नवा माणूस येतो तो जीव खाऊन लांब फेकतो. मुडदुशी गुडघाभर पाण्यात चरत असते आणि हा तिच्या डोक्यावरून गरी पलीकडे टाकतो! लाट फुटल्यावर अलीकडे पाण्याची गडद पट्टी दिसते, तिथे वाळूत घळ असते. गरी तिथे टाका. तांबोशी किंवा पालू हवा असेल तर काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडाशी बसा, गरी टू-ओ आणि आमिषाला ताज्या तारलीची फोड. तारली मऊ, फेकताना गळून पडते, म्हणून तिला शिवणाचा दोरा गुंडाळतात. आमचा टेलर दोऱ्याची रिळं खिशातच घेऊन येतो.

गरी बुडायला वजन लागतं, त्यासाठी शिशाला पैसे घालवू नका. गॅरेजवाल्याकडे जुने स्पार्क प्लग मागा, मूठभर फुकट देईल. प्लग मुख्य दोरीला थेट बांधायचा नाही. त्याला हातभर वेगळा, निम्म्या ताकदीचा तंगूस लावायचा. कातळाच्या चिरेत प्लग अडकला की तेवढाच तुटतो, गरी आणि नशिबात असेल तर मासाही परत येतो. समुद्रात लोखंड टाकतोस म्हणून मास्तर मला बोलतो. त्याचं खोटं नाही, पण शिशापेक्षा लोखंड बरं, असं मी त्याला सांगतो आणि आम्ही दोघं गप्प बसतो. तुटका तंगूस मात्र तिथे टाकून यायचा नाही. बगळ्याच्या पायात अडकला की पाय झडेपर्यंत सुटत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर दर रविवारी मित्रांबरोबर कातळावर गरवायला जातात. फोन लागत नाही, परत कधी येतील सांगता येत नाही. माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्यांना जाऊ नका म्हणायचं नाही, पण घरातून निघताना काय विचारावं? (चिपळूण)

ताई, तुमचं पत्र मी आमच्या चौघांना मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही.

पहिला प्रश्न विचारा, आज तिथी कोणती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. पक्ष कुठलाही असो, प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण पाऊणकीचा हिशेब चहा होईस्तोवर होतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आमच्याकडे तिला सुकती म्हणतात.

आता चतुर्थीचा रविवार धरा. भरती दुपारी तीनला, म्हणजे सुकती सकाळी नऊला. पाणी पुन्हा चढायला लागलं की मासा कातळाजवळ येतो, म्हणून मिस्टर नऊला गरी टाकणार. मग त्यांना दुसरा प्रश्न विचारा, उठणार किती वाजता. पाणी सगळे तास सारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यात जोराने वर येतं. कातळ आणि किनारा यांच्यामधली जी वाट तुम्ही कोरड्या पायांनी ओलांडलेली असते ती नेमकी त्याच वेळी बुडते. म्हणजे अकरापर्यंत माणूस कातळावरून उतरलेला हवा, मासा लागत असला तरी. लागत असला तर जास्तच! अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा आमच्या बाजूला पुरुषभर पाणी चढतं आणि मुंबईकडे त्याहून बरंच जास्त. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, ते मवाळ. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीला का करू नये म्हणतात, ते ज्याने ती वाट बुडताना पाहिलीय त्याला सांगावं लागत नाही.

तिसरं, बरोबर कोण आहे. एकटा जाणार असेल तर चप्पल लपवा.

आमच्या एका रविवारची गोष्ट सांगतो. वारा नाही, समुद्र तेलासारखा. माझी गरी चिरेत अडकली, मी वाकून पाण्याकडे पाठ करून तंगूस सोडवत होतो. लाट आलेली मला दिसलीच नाही, ऐकूही आली नाही. मांडीपर्यंत पाणी, पायाखालचा कातळ गेला असं वाटलं, आणि मास्तरच्या मुठीत माझी कॉलर. डबा, पिशवी, एक चप्पल समुद्राने नेली. घरी मी सांगितलं, चप्पल तुटली. बायकोने चार दिवसांनी मास्तरच्या बायकोकडून खरं काढलं.

नंतर कळलं की वारा नसतानाही फार लांबच्या, दक्षिणेकडच्या वादळाची फुगवटी, म्हणजे तिथून निघालेल्या लांबट लाटा, आपल्या किनाऱ्याला येऊन आपटते. समुद्राचा अंदाज देणारं हैदराबादचं इन्कॉइस केंद्र तिचा इशारा देतं, तो आता पोरगा शनिवारी रात्री बघतो. पण आम्ही जास्त विश्वास डोळ्यांवर ठेवतो. कातळावर पोचलो की वीस मिनिटं कोणी गरी काढायची नाही. वरच्या कोरड्या जागी बसून नुसतं बघायचं. मोठ्या लाटा सुट्या येत नाहीत, पाच-सात जणी मिळून येतात आणि मग बराच वेळ शांत. दोन मिनिटं पाहून शांत वाटलं म्हणून उतरणाराच फसतो. कातळ जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट येते, हे कातळाने लिहूनच ठेवलेलं असतं. काळा चकचकीत शेवाळी कातळ दिसला की पाय ठेवायचा नाही.

त्या दिवसापासून चौघांत एकाने गरवायचं नाही. तो पाण्याकडे बघत बसतो आणि मोठी लाट दिसली की ओरडतो. दर अर्ध्या तासाला पाळी बदलते. त्याच्याजवळ वीस मीटर दोर आणि घट्ट बुचाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. कोणी पडलाच तर मागोमाग उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. पडलेल्यानेही लगेच कातळाकडे यायची धडपड करायची नाही, लाट त्याला त्याच कातळावर आपटते. थोडं बाहेर, फेसापलीकडे जाऊन कॅन छातीशी धरून तरंगायचं. मदतीला 112, नाहीतर तटरक्षक दलाचा 1554. मिस्टरांच्या फोनमध्ये हे दोन्ही नंबर आजच घाला, आणि कातळावर रेंज नसेल तर रेंज कुठल्या वळणावर येते ते त्यांनी आधी बघून ठेवलंय का, हेही विचारा.

जून ते ऑगस्ट कातळाचं नावही काढायचं नाही. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी असते, गरीवाल्याला ती लागू नाही, असं सांगणारे हुशार लोक भेटतात. कायद्याने ते बरोबर असतील. आम्ही त्या महिन्यांत मास्तरच्या पडवीत गऱ्या बांधत बसतो.

प्रश्न : गरीला केंड लागला. फुगतो तो मासा. साफ करून खाता येतो का? (मुरुड)

नाही. कातडं, काळीज, अंडी यांत असलेलं विष शिजवूनही जात नाही. गरीजवळ तंगूस कापा, केंड सोडा. मांजरालाही नको.

प्रश्न : गरीला लागलेला शेंगटी मासा सोडवताना त्याचा काटा हातात घुसला. कोणी हळद सांगितली, कोणी लिंबू. इतकी कळ कधी सोसली नव्हती. नेमकं काय करायला हवं होतं? (मालवण)

गरम पाणी. शेंगटीच्या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं. दुसऱ्या, न लागलेल्या हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. चांगल्या हाताने आधी बघायचं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. आम्ही चहाचा थर्मास त्यासाठीच नेतो. आजवर त्यातला चहाच संपलाय, ही देवाची कृपा. नंतर डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही बघावं लागतं. पाकटाने शेपटीचा काटा मारला तरी पहिला उपाय हाच. आणि पुढच्या वेळी शेंगटी हाताने धरूच नका, पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तिचे तीन काटे असतात. पायाने दाबून धरली तर चपलेच्या तळातून आत जातात. लांब नाकाची पक्कड घ्या.

प्रश्न : रात्री गावखडीच्या वाळूवर गरवत होतो. मोठं कासव पाण्याबाहेर आलं. मित्राने टॉर्च मारला, ते परत फिरलं. आमचं चुकलं का? (लांजा)

चुकलं. ती अंडी घालायला आलेली ऑलिव्ह रिडले मादी असणार, थंडीत त्या आपल्या किनाऱ्यावर येतात. पुढच्या वेळी दिवे बंद, गऱ्या गुंडाळा आणि लांब बसा. ती गेल्यावर जागेची खूण ठेवून गावातल्या कासवमित्राला किंवा वनखात्याला कळवा. वाळू उकरून बघू नका. त्या रात्रीचे मासे गेले तर गेले.

प्रश्न : आम्ही पाच मित्र एकत्र गरवायला जातो. एक जण दर वेळी मोठा मासा स्वतःच्या पिशवीत घालतो, म्हणतो माझ्या गरीला लागला. मैत्रीत बोलायचं कसं? (अलिबाग)

अलिबागचं पत्र म्हणजे मोठा मासा जिताडाच असणार, मग भांडण साहजिक आहे.

आमच्यातही हे झालं. टेलरने एकदा कातळावरून चांगला गोबरा काढला. गोबरा गरी घेऊन बिळात शिरला होता, ओढून येईना. मास्तर म्हणाला, तंगूस ढिला सोड आणि गप्प बस. दहा मिनिटांनी मासा आपणहून बाहेर आला आणि टेलरने खेचला. आता तो गोबरा कोणाचा? गरी टेलरची, अक्कल मास्तरची, आमिषाचे पैसे पोराचे, आणि मी त्या वेळी गरी बाजूला ठेवून लाटांवर नजर ठेवत बसलेलो, म्हणजे माझ्या वाट्याला काहीच नको? परतीची अर्धी वाट कोणी कोणाशी बोललं नाही.

तेव्हापासून आम्ही जुन्या पद्धतीने वाटे घालतो. गाडीशी आलो की सगळे मासे एका गोणपाटावर, कोणाच्या गरीला काय लागलं ते विसरायचं. मोठा मासा तिथेच कापायचा, डोक्याचा तुकडा वेगळा धरायचा. चार वाटे. मग एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरा नाव घेईल त्याचा तो. जो पहाऱ्याला बसला त्याचाही वाटा पूर्ण, त्यात कमीजास्त नाही.

गेल्या रविवारी पाठ फिरवायची पाळी माझी होती. गोबऱ्याच्या डोक्यावर बोट ठेवून पोराने विचारलं, "हा कोणाचा?" मी टेलरचं नाव घेतलं. टेलर म्हणतो, मी खोकल्यावरून ओळखलं. आम्ही अजून भांडतोय.