गणपतीआधी नवा सिंथेसायझर बुक करावा का?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये नोकरी, पगार १९,५०० रुपये. घरी १२,००० देतो, भिशीला २,००० जातात, माझा खर्च अडीच हजार. बँकेत ५८,००० आहेत. सीझनला ऑर्केस्ट्रात आणि भजनात कीबोर्ड वाजवतो. वर्षाला साधारण ४० प्रोग्रॅम, सरासरी १,२०० रुपये मिळतात. यंदा गणपती-नवरात्राच्या १४ सुपाऱ्या ठरल्यात. माझा रोलँड एक्सपीएस-१० आठ वर्षांचा झाला, चार-पाच पट्ट्या नीट वाजत नाहीत. आता एका मोठ्या कंपनीचा कमी किमतीतला नवा सिंथेसायझर येतोय आणि इकडचे सगळे वादक त्याची वाट बघताहेत. दुकानदार म्हणतो ६० हजारांच्या आसपास पडेल, ५,००० भरून बुकिंग करा. जुन्याला आत्ता १५,००० मिळतात, नवा आला की भाव पडेल म्हणतात. जुना विकून २४,००० रोख आणि उरलेले ३६,००० ‘नो कॉस्ट’ हप्त्यांनी भरावेत, की भिशी उचलावी?

उत्तर : बुकिंग करू नका आणि जुना कीबोर्ड आत्ता विकू नका. तो या आठवड्यात दुरुस्तीला द्या, गणपती आणि नवरात्र त्याच्यावरच काढा आणि नवा घेण्याचा निर्णय दिवाळीनंतर घ्या. तोपर्यंत कर्ज न काढता तो घेण्याची तुमची ताकद झालेली असेल. हिशेब खाली मांडतो.

आधी जुन्या वाद्याचं बघू, कारण सगळ्या गणिताचा पाया तिथे आहे. प्रत्येक पट्टीखाली रबरात बसवलेले दोन कार्बनचे ठिपके असतात. पट्टी दाबली की एक आधी टेकतो, दुसरा क्षणभराने. मधला वेळ मोजून वाद्य ठरवतं की सूर हळू वाजवायचा की जोरात. त्यातल्या एका ठिपक्याखाली धूळ किंवा ओल गेली की सूर एकदम पूर्ण आवाजात फुटतो, नाहीतर वाजतच नाही. खानापूर भागातला पाऊस आणि मंडपातला धुरळा, दोन्ही तुमच्या वाद्याने आठ वर्षं सोसलेत. त्यामुळे दोष बहुधा इथेच सापडेल. एक खूण लक्षात ठेवा. बिघडलेल्या पट्ट्या शेजारी-शेजारी किंवा जास्त वाजणाऱ्या मधल्या सप्तकात असतील तर रबर आणि ठिपके साफ करून काम भागतं. ठरावीक अंतराने एकेक पट्टी मुकी असेल तर दोष रबरात नसून आतल्या स्कॅनिंग लाइनमध्ये, म्हणजे रिबन केबलमध्ये किंवा डायोडमध्ये असतो. कारागिराकडे जाण्याआधी कोणत्या पट्ट्या काय करतात हे कागदावर लिहून न्या. साफसफाई आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानेच व्हायला हवी. पेट्रोल, थिनर किंवा गंज काढायचा स्प्रे मारला की रबर फुगतं आणि कार्बन निघून येतो. ठिपके झिजलेले असतील तर तेवढी रबरपट्टी बदलायची. या सगळ्याला मी ३,००० रुपये धरले आहेत. काम हातात घेण्याआधी आकडा विचारून घ्या आणि खर्च ५,००० च्या वर जात असेल तर पुन्हा विचार करा.

आता जुना लगेच विकण्याबद्दल. भाव पडेल ही तुमची भीती खरी आहे. नवं मॉडेल बाजारात आलं की जुनी वाद्यं एकदम विक्रीला निघतात. समजा १५,००० चे १२,००० झाले, म्हणजे ३,००० चं नुकसान. पण जुना विकला आणि नवा गणपतीआधी हाती पडला नाही, तर १४ सुपाऱ्या भाड्याच्या कीबोर्डवर वाजवाव्या लागतील. रात्रीला ८०० रुपये धरले तरी ११,२०० होतात, आणि गणपतीच्या दहा दिवसांत भाड्याने चांगलं वाद्य मिळणं मुळातच कठीण. शिवाय ऐन वेळी सुपारी मोडली तर पुढच्या वर्षी तो मालक तुम्हाला विचारत नाही. नवा घरी येऊन, दोन-तीन प्रोग्रॅममध्ये वाजून पक्का होईपर्यंत जुना विकायचा नाही.

किंमत. भारतातली किंमत जाहीर होण्याआधी दुकानदार जो आकडा सांगतो, तो बहुतेक वेळा परदेशातल्या किमतीवरून काढलेला असतो. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, युरोपातल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो. म्हणून डॉलरला रुपयाने गुणून आलेल्या आकड्यावर विसंबू नका. इथे सीमाशुल्क, जीएसटी, आयातदार आणि दुकानदार यांचा वाटा त्यावर चढतो. पहिला माल थोडा येतो आणि मागणी खूप असते, त्यामुळे सुरुवातीला सवलत मिळत नाही. काही महिन्यांनी प्रत्यक्ष विक्रीची किंमत छापील किमतीच्या खाली स्थिरावते. नव्या मॉडेलच्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये राहिलेल्या चुकाही पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त होतात. थांबण्याचा हा दुसरा फायदा रोज स्टेजवर वाजवणाऱ्याला पैशाइतकाच मोलाचा असतो.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांचा खरा भाव असा काढा. दुकानदाराला विचारा, “पूर्ण रोख दिले तर किती सोडाल?” समजा त्याने २,००० सोडले. हप्त्यांवर घेताना ही सवलत जाते, वर प्रोसेसिंग फी ५९९ आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ७०७ रुपये. म्हणजे कागदावर कर्ज ३६,००० चं असलं तरी तुमच्या कामी आले ३३,२९३ आणि तुम्ही ६,००० चे सहा हप्ते फेडणार. वर्षाच्या हिशेबाने हा व्याजदर २७ टक्क्यांच्या आसपास पडतो. तुमची महिन्याची शिल्लक ३,००० आहे आणि हप्ता ६,००० चा. उरलेले ३,००० सुपाऱ्यांतूनच यायला हवेत. मंडळाचे पैसे विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी आले आणि हप्ता महिन्याच्या पाच तारखेला आला, तर बाउन्सचा दंड बँकही घेते आणि कर्ज देणारी कंपनीही. हप्ता चुकल्याची नोंद पुढे घरकर्ज किंवा गाडीकर्ज मागताना आडवी येते.

भिशी उचलू नका. तुमची भिशी २० जणांची धरली तर रक्कम ४०,०००. आठव्या महिन्यात ६,००० सोडून उचललीत तर हाती ३४,००० येतील. पण त्यातले १६,००० तुम्हीच आधी भरलेले आहेत. खरी उसनवारी १८,००० ची आणि तिच्यासाठी मोजायचे ६,०००. दर महिन्याला वाटून येणारा हिस्सा धरला तर हा आकडा थोडा हलका होतो, पण तरीही सोनं तारण ठेवून काढलेल्या कर्जापेक्षा हे बहुधा महागच पडतं. गरज नसताना शेवटी उचलणाऱ्याला भिशीत फायदा असतो, तुम्ही त्या जागेवर राहा.

मग पैसे येणार कुठून? ५८,००० मधून दुरुस्तीचे ३,००० गेले की ५५,००० राहतात. चौदा सुपाऱ्यांचे १६,८००. जुलै ते नोव्हेंबर महिन्याला ३,००० प्रमाणे १५,०००. एकूण ८६,८००. यातले ३६,०००, म्हणजे घरी देता त्या रकमेचे तीन महिने, बाजूला काढा. त्यांना कीबोर्डसाठी हात लावायचा नाही. आज तुमच्याकडे आजारपणासाठी किंवा कामावर कपात झाली तर त्यासाठी वेगळी अशी काहीच रक्कम नाही, आणि पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. उरले ५०,८००. जुना १२,००० ला गेला तर ६२,८००. वाद्य ६०,००० आणि सोबतचं सामान ६,५०० धरलं तर ३,७०० कमी पडतात. ते डिसेंबरच्या शिल्लकीतून आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन प्रोग्रॅममधून भरतील. किंमत ५५,००० वर आली तर नोव्हेंबरअखेरच जमेल. जुना नंतर विकायचा असल्याने ते १२,००० थोडे उशिरा येतील, तेवढ्यापुरतंच बाजूच्या रकमेतून उचलून लगेच परत ठेवा.

बाजूला काढलेले ३६,००० बँकेच्या मुदत ठेवीत ठेवा, लहान-लहान दोन-तीन ठेवी करून, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. सीमाभागात अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत किंवा सौहार्द सहकारी संस्थेत ठेव ठेवायची सवय आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकही त्यात आली, ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेला आणि सौहार्दला तो लागू नाही.

सोबतच्या ६,५०० मध्ये पॅडेड बॅग २,५००, डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज खरखर न येता मिक्सरपर्यंत नेणारी डबी) २,०००, दोन जॅक केबल १,००० आणि सर्ज प्रोटेक्टर १,००० असं धरलंय. स्टँड आणि सूर लांबवणारं पेडल जुनं चालेल. पेडलची पोलॅरिटी उलटी निघाली तर पाय सोडल्यावर सूर लांबतो आणि दाबल्यावर तुटतो. बऱ्याच वाद्यांत पेडल न दाबता वाद्य सुरू केलं की ती आपोआप जुळते. सर्ज प्रोटेक्टर टाळू नका. जत्रेतल्या जनरेटरवर व्होल्टेज वर-खाली होतं आणि त्यात आधी अडॅप्टर जातो.

आता मुळातला प्रश्न : हे वाद्य स्वतःची किंमत काढेल का? ६६,५०० मधून जुन्याचे १२,००० वजा केले की तुमचे ५४,५०० गुंततात. नव्या वाद्यामुळे प्रोग्रॅममागे ३०० रुपये वाढले तर वर्षाला १२,००० जास्त येतील आणि पैसे निघायला साडेचार वर्षं लागतील. त्यासोबत १,५०० रुपयांच्या आठ नव्या सुपाऱ्या मिळाल्या तर वर्षाला २४,००० येतील आणि सव्वादोन वर्षांत रक्कम वसूल होईल. दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही. ज्या दोन-तीन ऑर्केस्ट्रा मालकांकडे वाजवता त्यांना स्पष्ट विचारा : नवं वाद्य आणलं तर १,५०० द्याल का, वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाला आणि लग्नांना जास्त तारखा द्याल का? त्यांनी उत्तर टाळलं तर ५४,५०० अडकवण्याआधी अजून एक सीझन थांबा.

दुकानात वाद्य आलं की स्वतःचा हेडफोन आणि केबल घेऊन जा, गर्दी नसलेल्या वेळी. स्टेजवर साऊंडवाला बहुधा एकच लाइन घेतो, म्हणून एल/मोनो आउटपुटमधूनच ऐका; स्टीरिओत भरदार वाटणारा पियानो मोनोत पोकळ होऊ शकतो. बासरी, शहनाई, हार्मोनियम हे आवाज पिच बेंड (सूर वर-खाली ओढणारी कळ) लावून वाजवा, कारण मींड तिथेच कळते. दोन-तीन आवाज एकावर एक लावून पेडल दाबून धरा. पॉलिफोनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या, कमी असेल तर आधीचे सूर गळायला लागतात. गायकासाठी पट्टी बदलून काळी चारवरून पांढरी पाचवर जायला किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. ढोलकी, हलगी, चौंडकं यांचे तुमचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, बाहेरून भरता येतात का आणि किती, हे विचारा. मराठी आणि कन्नड दोन्ही गाणी वाजवणाऱ्याला, सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेच्या दिवसांत तर हे लागतंच. शेवटी वाद्य बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिला सूर किती सेकंदांनी वाजतो ते बघा. गाणं चालू असताना जनरेटर बंद पडला तर तेवढा वेळ तुम्ही स्टेजवर गप्प उभे असता. सिंथेसायझर म्हणून विकलं जाणारं वाद्य बहुतेक वेळा स्पीकरशिवाय येतं आणि त्यात तयार ऱ्हिदम-साथ नसते किंवा जुजबी असते. तुम्हाला एकट्याने भजनाची साथ करायची असेल तर तयार ऱ्हिदम-साथ देणारा अरेंजर कीबोर्डही ऐकून बघा.

करापायी घाई करायचं कारण नाही. तुमचं वाजवण्याचं उत्पन्न जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे बिलावरचा जीएसटी परत मिळणार नाही, तो खर्चातच धरायचा. कोल्हापूरला जाऊन घेतल्याने कर वाचेल ही समजूत जुन्या दिवसांतली. जीएसटीचा दर दोन्ही राज्यांत एकच आहे. कोल्हापुरात किंमतच कमी असेल तर जरूर जा, पण वॉरंटीतली दुरुस्ती बेळगावात होईल की वाद्य परत तिकडे न्यावं लागेल हे आधी विचारा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

वादकांचा आग्रह झाला आणि तरीही बुकिंग करायचंच ठरवलंत तर ५,००० ची पावती घ्या. तिच्यावर मॉडेलचं पूर्ण नाव, जास्तीत जास्त किंमत, देण्याची शेवटची तारीख आणि त्या तारखेला वाद्य न मिळाल्यास किंवा किंमत वाढल्यास पूर्ण रक्कम परत, एवढं लिहिलेलं असावं. एवढं लिहून द्यायला जो दुकानदार तयार नसेल त्याच्याकडे पैसे ठेवू नका. पैसे ऑनलाइन द्या, म्हणजे पुरावा राहतो. अडचण आली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खरेदी कोल्हापुरात केली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे बेळगावच्या, आयोगाकडे करता येते.

दुरुस्तीचं मात्र लांबवू नका. श्रावण लागला की कारागिरांकडे हार्मोनियम, कीबोर्ड आणि अँप्लिफायरची रीघ लागते. रबरपट्टी बाहेरून मागवावी लागली तर तेवढे दिवस हाताशी असायला हवेत.