प्लाझ्मामध्ये तार मऊ होते, पण वितळत का नाही?

प्रश्न : आमच्या कारखान्यात 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची बारीक तार ओढली जाते आणि नळीच्या भट्टीत, अमोनियाच्या विघटनातून मिळणाऱ्या वायूत, ती मऊ केली जाते. मालकांनी आता प्लाझ्मा यंत्राची चौकशी सुरू केली आहे. प्लाझ्माचे तापमान हजारो अंशांचे असते, असे वाचले आहे. मग तार वितळत कशी नाही? आणि जुन्या भट्टीची गरज खरोखरच संपेल का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : प्लाझ्मा म्हणजे विजेमुळे इलेक्ट्रॉन आणि इतर विद्युतभारित कण सुटे झालेला वायू; ते हजारो अंश मुख्यत्वे त्यातील इलेक्ट्रॉनांचे असतात. यंत्रातील कक्षेतून बहुतांश हवा काढून तेथे आर्गॉनसारखा वायू विरळ प्रमाणात सोडलेला असल्यामुळे त्या तापमानामागे उष्णतेचा साठा अगदी थोडा असतो. तार स्वतःच विद्युतमंडलाचा एक ध्रुव असते, तिच्यावर विद्युतभारित कण आदळतात आणि त्यांची ऊर्जा पृष्ठभागावरून आत झिरपते. म्हणून तार किती तापेल हे प्लाझ्माच्या तापमानावर नव्हे, तर दिलेली वीज आणि तारेचा वेग यांच्या मेळावर ठरते. 304 प्रतीला मऊ होण्यासाठी साधारण 1,010 ते 1,120 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ती 1,400 अंशांच्या आसपास वितळू लागते. एक किलो तार त्या तापमानाला नेण्यासाठी तत्त्वतः सुमारे 0.16 युनिट वीज पुरते, प्रत्यक्षात अर्थातच अधिक.

आपल्या शंकेत तथ्य मात्र आहे. नळीच्या भट्टीत तार अडकली, तर तिच्या धातूतले बारीक स्फटिक वाढून ती खराब होईल, पण भट्टीपेक्षा जास्त तापणार नाही. प्लाझ्मात अशी मर्यादा नसते. वेग मंदावला आणि त्याच क्षणी वीज कमी झाली नाही, तर तार वितळून तुटू शकते. यंत्र पाहताना मी सर्वात आधी या नियंत्रणाची चौकशी करीन.

विद्युतभारित कणांच्या माऱ्याने पृष्ठभागावरील ऑक्साइडचा पातळ थर आणि वंगणाचे अवशेष निघतात, हा खरा फायदा आहे. परंतु तार ओढतानाच्या साबणाचा जाड थर तसाच आत नेल्यास कक्ष काळवंडतो, त्यामुळे आधीची धुलाई टळत नाही. पुढे तार संरक्षक वायूतच आणि झटपट थंड व्हावी लागते, कारण 850 ते 450 अंशांच्या टप्प्यात ती रेंगाळली, तर स्फटिकांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड साचून गंजरोधकता घटते. बारीक तारेच्या बाबतीत हे तुलनेने सोपे असते.

जुन्या भट्टीविषयी सांगायचे, तर ती तापायला तास लागतात, उलट प्लाझ्मा काही मिनिटांत सुरू होतो. त्यामुळे तारेची जाडी वारंवार बदलणाऱ्यांना तो सोयीचा. मात्र एकाच जाडीच्या अनेक तारा शेजारीशेजारी, रात्रंदिवस चालवणाऱ्याने नळीची भट्टी घाईने मोडीत काढू नये.

विक्रेत्याने आणलेल्या नमुन्यावर विसंबण्याऐवजी आपल्याच तारेचे रीळ त्याच्या यंत्रावर चालवून घ्यावे आणि ताणशक्ती, लांबण (तुटण्यापूर्वी तार किती ताणली जाते) व स्फटिकांचा आकार तपासावा. प्राथमिक खूण म्हणून लोहचुंबकही चालेल : ओढताना पोलादातील काही ऑस्टेनाइटचे (चुंबकाला न चिकटणाऱ्या रचनेचे) मार्टेन्साइट (चिकटणारी कठीण रचना) झाल्यामुळे जी तार चुंबकाला चिकटत होती, ती नीट मऊ झाल्यावर जवळपास चिकटत नाही.