राजीनाम्यावर सही झाली असेल तर

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. सरकारी महामंडळाच्या वर्कशॉपमध्ये कायम नोकरी. डिप्रेशनसाठी धारवाडच्या डिमहान्स या मानसोपचार संस्थेत उपचार, त्यापायी लांबलेली रजा. कामावर परतताच ‘राजीनामा दे, नाहीतर चौकशी लावतो’ म्हणत साहेबांनी कन्नड मजकुरावर सही घेतली. आता काय करू, असा त्यांचा प्रश्न आहे. निपाणी, चिकोडीकडूनही अशी पत्रं येतात.

राजीनामा मंजूर झाल्याचं लेखी पत्र तुमच्या हाती पडलं आहे का? तुम्ही हेच लिहिलेलं नाही आणि सगळं यावरच ठरणार आहे. तो मंजूर होऊन अमलात येईपर्यंत साधारणपणे मागे घेता येतो; तुमचे सेवानियम वेगळं सांगत असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून तो मागे घेण्याचा अर्ज आजच द्या, कन्नडमध्ये, मराठी प्रत स्वतःकडे ठेवून. आवक विभागाचा शिक्का घ्या, ईमेल करा, स्पीड पोस्टानेही पाठवा. सही करून तीन आठवडे घरी बसलात, हे मात्र फार वाईट केलंत. आणि वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायचीच नाही, हे सीमाभागात किती वेळा सांगायचं?

अर्जात ‘तेव्हा मी भानावर नव्हतो’ असं लिहू नका. हेच वाक्य उद्या तुम्हाला कामाला नालायक ठरवायला वापरतील. ‘आजारपणात, मजकूर न कळता, दबावाखाली सही केली, राजीनामा मागे घेत आहे’ एवढं पुरे.

तुमचा आधार दिव्यांग हक्क कायदा, 2016, कलम 20(4). नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं, पद नसेल तर जादा पद निर्माण करून. मानसिक आजार या कायद्याच्या यादीत आहे. पण नुसतं निदान पुरेल असं धरून चालू नका, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लगेच अर्ज करा. खासगी कारखान्यातल्यांना हे कलम लागू नाही.

चौकशीच्या धमकीला घाबरू नका. आजाराशी निगडित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं आहे. तुमची गैरहजेरी त्यात किती बसेल, ते कागद पाहून सांगता येईल. ऑफिसला उपचाराचा दाखला द्या, संपूर्ण फाइल नको. ती गोपनीय ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुम्हाला दिला आहे.

राजीनामा मंजूर झाला असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जावं लागेल. तिथे वर्षं जातात, आजारी माणसाला ती परवडत नाहीत. सही केलेल्या कागदाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा, पण तिची वाट पाहत अर्ज अडवून ठेवू नका.