कॅम्पस चर्चमध्ये सेवा सुरू करताना

तू विचारलंस, सुरुवात कुठून करू? वसईत आपण जन्मल्यापासून धर्मग्रामाचे, म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशचे असतो, सगळे ओळखतात. इथे अमेरिकेत, विद्यापीठाच्या न्यूमन सेंटरमध्ये, म्हणजे कॅथलिक विद्यार्थ्यांच्या केंद्रात, ओळख स्वतःहून करून घ्यावी लागते.

रविवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) लगेच खोलीवर पळू नकोस. हॉलमध्ये जेवण असतं, तिथे खुर्च्या मांडायला हात लाव. माझी पहिली मैत्रीण तशीच भेटली.

सेवेचं काम मात्र एकच निवड. पहिल्या महिन्यात चार याद्यांत नाव घालायचं आणि परीक्षा आली की गायब व्हायचं, ही नव्यांची नेहमीची चूक. दर गुरुवारी दोन तास नेमाने येणारी मुलगी आम्हाला खरोखर हवी आहे.

धान्यवाटपाच्या टेबलावर एवढं सांभाळ:
- नाव विचार, अडचण विचारू नकोस. सांगावंसं वाटलं तर माणूस आपणहून सांगतो.
- फोटो काढू नकोस.
- मुदत संपलेले डबे आणू नकोस.

1833 साली पॅरिसमध्ये वीस वर्षांचा विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम मित्रांसह गरिबांच्या घरी जाऊ लागला. त्यातून सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी ही गरिबांना मदत करणारी संस्था उभी राहिली. तिचे सदस्य आजही दोघादोघांनी घरभेटीला जातात. ते काम तू पुढच्या वर्षी घे, आधी माणसं ओळखीची होऊ देत.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या वर्गणीचं तेव्हा सांगेन. या गुरुवारी साडेचारला ये, मी स्वयंपाकघराच्या दाराशी असेन.