वाचकांचे प्रश्न : वेल्डिंगची काळी काच किती नंबरची?

प्रश्न : घरामागच्या शेडमध्ये २०० अँपियरचं इन्व्हर्टर मशीन घेतलं आहे. २.५ मि.मी.च्या रॉडने स्क्वेअर पाइपचे स्टँड, खिडकीच्या जाळ्या असं किरकोळ काम करतो. दुकानदाराने ११ नंबरची काच दिली, पण तिच्यातून नीट दिसत नाही. ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो, गॅस वेल्डिंगचा हिरवा गॉगल लाव. लावू का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नको. तो गॉगल साधारण ५ नंबरचा असतो. १० नंबरच्या काचेतून जेवढा उजेड येतो, त्याच्या सुमारे १४० पट ५ नंबरमधून येतो. गॅसच्या ज्योतीला तो पुरतो, आर्कला (रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या लख्ख ज्योतीला) नाही. शिवाय गॉगलने गाल, कपाळ, मान उघडीच राहतात आणि दुसऱ्या दिवशी कातडी सोलते.

काचेचा नंबर मशीनच्या पाटीवरून ठरत नाही, तुम्ही प्रत्यक्ष किती अँपियरवर काम करता त्यावरून ठरतो. २.५ मि.मी.चा, म्हणजे दुकानातला १२ नंबरचा, ६०१३ जातीचा रॉड ६० ते ९० अँपियरवर चालतो. ६० ते १६० अँपियरच्या रॉड वेल्डिंगसाठी ८ नंबर ही किमान मर्यादा आणि १० नंबर ही सोयीची काच. तुम्ही १० घ्या. एक नंबर खाली आलात की उजेड सुमारे २.७ पट वाढतो, तेवढ्याने वितळलेल्या लोखंडाची कड स्पष्ट दिसेल. ३.१५ चा रॉड ११०-१२० अँपियरवर चालवताना १० किंवा ११ लावा. पुढे मिगवर (रॉडऐवजी आपोआप सरकणाऱ्या तारेच्या वेल्डिंगवर) गेलात तर त्याच अँपियरला १० ही किमान आणि ११ ही सोयीची काच. नेहमीची पद्धत अशी : गडद काचेपासून सुरुवात करायची, रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, दिसेपर्यंत एकेक नंबर उतरायचं, पण किमान नंबराच्या खाली जायचं नाही.

मात्र नवी काच आणण्याआधी दोन गोष्टी तपासा. शील्डमध्ये (चेहऱ्यापुढच्या ढालीत) बाहेरून साधी पांढरी, म्हणजे पारदर्शक, काच आणि तिच्या आत काळी, असा क्रम असतो. पांढरीवर ठिणग्यांचे दाणे चिकटून ती आंधळी झाली की लोक दोष काळीला देतात. पांढरी काच अगदी स्वस्त मिळते, ती डझनाने आणून ठेवावी. दुसरं, तुमची पाठ उन्हाकडे आहे का? मागचा उजेड शील्डमध्ये शिरून काचेच्या आतल्या बाजूवर चमकतो आणि समोरचं पुसट होतं. जागा बदला आणि कामावर एक एलईडी दिवा जवळून सोडा. पुष्कळदा ११ नंबरचीच काच मग चालून जाते.

घेताना काचेच्या कोपऱ्यात नंबर कोरलेला असावा. शील्डवर आयएस ११७९ या भारतीय मानकाचा उल्लेख पाहा. नुसती काळी दिसणारी, काहीच न लिहिलेली काच घेऊ नका, कारण अतिनील किरण ती किती अडवते ते रंगावरून कळत नाही. उन्हाचे दोन गॉगल एकावर एक घालण्याचा प्रकार तर विसराच. दोन काचांच्या नंबरांची बेरीज करून एक वजा केला की जोडीचा नंबर येतो. उन्हाचे गॉगल २-३ नंबराचे, म्हणजे दोन मिळून फार तर ५.

प्रश्न : आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्यावं का? सेल संपला तर डोळे जातील, असं ऐकलं. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : घरच्या कामाला तेच जास्त उपयोगी, त्याचं कारण टाके, म्हणजे तुकडे जागेवर धरायला मारलेले छोटे वेल्ड. हातातल्या शील्डने एक हात अडकतो, पाइप हलतो, मग माणूस रॉड आधी टेकवतो आणि शील्ड नंतर आणतो. डोळ्यांना वेल्डिंग लागतं, म्हणजे आर्कच्या उजेडाने डोळे भाजतात, ते बहुतेक अशा वेळी.

अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा थर या काचेत कायमचा बसवलेला असतो, त्याला सेल लागत नाही. सेल संपला तर काच ३-४ नंबरावर राहते. लख्ख उजेडाने डोळे दिपतात, म्हणून लगेच थांबायचं, पण अतिनील किरण तेव्हाही अडलेलेच असतात. रोज काम सुरू करण्याआधी काच उन्हाकडे धरून ती काळी होते का, हे बाजूने पाहा.

घेताना चार सेन्सरचं घ्या. दोन सेन्सर असले आणि पाइपाच्या आड गेले की काच मध्येच उघडते. ९ ते १३ नंबर फिरवता यावेत, सेन्सिटिव्हिटी (किती उजेडाला काच काळी व्हावी) व डिले (आर्क थांबल्यावर किती वेळाने उघडावी) यांची बटणं असावीत आणि सेल बदलता यावा. ईएन ३७९ या युरोपीय मानकाखाली चार आकडे लिहिलेले असतात, १/१/१/२ असे. १ सगळ्यात चांगला. शेवटचा आकडा तिरकं पाहिल्यावर काच किती एकसारखी दिसते त्याचा. तिथे ३ असेल तर वाकून काम करताना एका बाजूला फिकट पट्टा दिसेल. उघड्यावर ऊन लागून काच विनाकारण काळी होत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा.

ग्राइंड मोडमध्ये (ग्राइंडरने घासण्यासाठीच्या सेटिंगमध्ये) काच काळी होतच नाही. घासून झाल्यावर बटण परत फिरवायचं राहिलं तर पुढचा टाका काच फिकट असतानाच बसतो.

प्रश्न : मला जवळचा चष्मा आहे. तोच आतून लावू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लावा. बायफोकल असेल तर वाचायचा भाग खाली असल्याने मान मागे टाकावी लागते. त्यापेक्षा हेल्मेटच्या आत बसणारी भिंगाची पट्टी घ्या. स्लॅग (वेल्डवर जमणारी कडक खपली) ठोकताना मात्र चष्मा पुरत नाही. शील्ड बाजूला ठेवून चिपिंग हातोडी मारली की तापलेली खपली थेट डोळ्याकडे उडते. हेल्मेटखाली बाजू झाकलेला पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक गॉगल कायम असू द्या, चष्म्यावरून बसणारे मिळतात. ग्राइंडरलाही तोच.

प्रश्न : मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. रात्री दोन्ही डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, पाणी थांबेना. आजी बटाट्याचे काप ठेवायला सांगते. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ थर भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी, बहुधा झोपेच्या वेळी सुरू होतो आणि साधारण २४ ते ४८ तासांत थर भरून येतो. अंधारी खोली आणि बंद पापण्यांवर थंड ओल्या कापडाची घडी एवढं घरी करा. डोळे चोळू देऊ नका. बटाटा, दूध, मध नको. सोललेल्या थरावर जंतुसंसर्ग व्हायला तेवढं पुरतं. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून पुन्हापुन्हा घालू नका, ठणका थांबतो पण जखम भरत नाही. मूल आहे म्हणून सकाळी डॉक्टरांना दाखवाच. दुखणं एकाच डोळ्याला असेल तर आत लोखंडाचा कण असू शकतो, तेव्हा सकाळचीही वाट पाहू नका.

आर्कचा उजेड चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून आणि स्टीलच्या पत्र्यावरूनही परततो. शेडच्या आतल्या भिंतींना गडद, चमक नसलेला रंग द्या आणि दाराला जुना पत्रा आडवा लावा. प्लॅस्टिकची ताडपत्री लावू नका, ठिणगीने पेटते.