लेकीला सतरा नंबरच्या फॉर्मवर टाकू नका

प्रश्न : सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगी नववीत, वय १४, फुटबॉल उत्तम खेळते. २०२२ ला आपला संघ मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. आता हिला खेळवायचंच असं मी ठरवलंय. पहाटे आणि संध्याकाळी सराव असतो. गुडघा दुखतो म्हणते, पण मी लाड करत नाही. शाळेत वेळ फार जातो. दहावी सतरा नंबरच्या फॉर्मने बाहेरून द्यावी का? पुण्याचे एक गृहस्थ दीड लाखात थेट भारताच्या शिबिरात घालतो म्हणतात.

उत्तर : तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलीच्या तोंडचं एकच वाक्य आहे, गुडघा दुखतो. आणि तेच तुम्ही लाड म्हणून उडवून लावलंत.

मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. वाढीच्या वयात दोन वेळच्या पळापळीने वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला सूज येऊ शकते. ती वेळेवर विश्रांती दिली तर बरी होते. पण गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर ऑपरेशन आणि बरेच महिने मैदान बंद, आणि ही दुखापत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. तिचं दुखणं यातलं कुठलं, की तिसरंच काही, हे ना तुम्ही सांगू शकता ना मी. याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत सराव बंद. दुखतंय म्हटलं की बोलणी खावी लागतात, हे एकदा तिच्या मनात बसलं की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

आता वर्ल्ड कप. २०२२ ला आपण खेळलो ते यजमान होतो म्हणून. भुवनेश्वर, मडगाव, नवी मुंबईत सामने झाले आणि आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या. यात त्या पोरींना बोल लावायचं काहीच कारण नाही. पण आपल्याला दार उघडलं, असा अर्थ त्यातून काढू नका. २०२५ पासून ही स्पर्धा दर वर्षी मोरोक्कोत होते, २४ संघ असतात, त्यात आशियाला जागा ४. २०२५ ला तिथे उत्तर कोरिया, जपान, दक्षिण कोरिया आणि चीन होते, आणि चषक उत्तर कोरियाने नेला. म्हणजे तुमची लेक भारताच्या संघात आली, तरी संघाला आधी यांच्यातल्या कुणाला तरी मागे टाकावं लागेल. ते एकट्या तिच्या हातात नाही, तुमच्या तर नाहीच. शिवाय वयाची अट. दोन-तीन वर्षांत हा विषय तिच्यापुरता संपेल. त्यासाठी तिची शाळा पणाला लावायची?

आणि शाळा सोडून मिळणार काय? जिल्हा, विभाग, राज्य या शालेय स्पर्धा शाळेच्या नावावरच खेळता येतात, सुब्रतो कपसुद्धा. सतरा नंबरचा फॉर्म भरलात की ते सगळं गेलं. दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, दोन्ही स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर चालतं. तुम्ही वेळ वाचवायला निघालात आणि तिला शाळेचे सामनेच उरणार नाहीत.

दीड लाखवाल्यांना फोनवरच नाही म्हणा. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेची निवड चाचणी, राज्याचा संघ, राष्ट्रीय स्पर्धा, मग भारताचं शिबिर, असा तो रस्ता आहे. शिबिरातली जागा विकत मिळत नाही. जो विकतो म्हणतो तो तुम्हाला फसवतोय.

पुढे खेळातच काम करायचं, म्हणजे प्रशिक्षक, रेफ्री, बी.पी.एड., हे बारावीच्या वेळी बोलू. तिला स्वतःला खेळायचंय, की पप्पांना वाईट वाटू नये म्हणून ती पहाटे उठते, हे तुमच्या पत्रावरून मला कळलेलं नाही. डॉक्टरांकडे जाऊन आलात की पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता पाठवा.