वाचकांचे प्रश्न : अर्धा बँड नेमका कुठे अडतो?

परदेशी स्थायिक होण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजी परीक्षांविषयी या सदराकडे इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे, असे ठरवले. ज्या नाशिक शहरात एका चौकाचे नावच कॅनडा कॉर्नर आहे, तेथे याचे नवल वाटायला नको. बहुतेक पत्रलेखक आयईएलटीएस या परीक्षेतला आपला एकूण बँड, म्हणजे सरासरी गुण, कळवतात आणि तो पुरेसा आहे का, असे विचारतात. स्थलांतराच्या कामात मात्र एकूण बँडला फारसे कोणी विचारत नाही. तेथे लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग यांचे गुण सुटे सुटे पाहिले जातात, आणि खालची बहुतेक उत्तरे त्यामुळेच पत्रलेखकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळी आहेत.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कंपनीत डिझाइन इंजिनीअर आहे. वय 31, शिक्षण बी.ई. मेकॅनिकल, अनुभव सहा वर्षांचा, अविवाहित. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीसाठी, म्हणजे गुणांवर स्थलांतरित निवडण्याच्या योजनेसाठी, आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग दिली, तेव्हा लिसनिंग 7.5 आणि बाकी तिन्हींत 7 असे गुण मिळाले; एकूण बँड 7. क्लासमधले सर म्हणतात, सात म्हणजे उत्तम, आता पुढच्या कागदपत्रांना लागा. पुन्हा फी भरून परीक्षा द्यावी का?

उत्तर : द्यावी, आणि ती लिसनिंगसाठी द्यावी. तुमच्या निकालपत्रात जो आकडा सर्वांत मोठा दिसतो, तोच तुम्हाला मागे ओढतो आहे. कॅनडा आयईएलटीएसचे बँड जसेच्या तसे वापरत नाही. ते सीएलबी या स्वतःच्या पातळ्यांमध्ये बदलून घेते. रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये 7 बँड म्हणजे सीएलबी 9. लिसनिंगमध्ये मात्र सीएलबी 9 साठी 8 बँड लागतात आणि 7.5 वर सीएलबी 8 च मिळतो. तीन विषयांत तुम्ही नवव्या पातळीवर आहात आणि एका विषयात आठव्या.

याची किंमत किती, ते पाहा. एक्सप्रेस एंट्रीच्या गुणतक्त्यात अविवाहित अर्जदाराला प्रत्येक कौशल्यात सीएलबी 8 साठी 23 आणि सीएलबी 9 साठी 31 गुण मिळतात, म्हणजे तेथे 8 गुण गेले. परंतु शिक्षण व भाषा आणि परदेशातील अनुभव व भाषा यांच्या जोडीसाठी जे वेगळे गुण दिले जातात, त्यांचा वरचा टप्पा चारही कौशल्यांत सीएलबी 9 असल्याशिवाय उघडत नाही. तुमच्यासारख्या पदवीधराला शिक्षणाच्या जोडीचे 13 ऐवजी 25, आणि तीन वर्षांहून अधिक अनुभवाच्या जोडीचे 25 ऐवजी 50 गुण मिळू शकतात. सगळे मिळून 45 गुणांचा फरक पडतो, आणि तो लिसनिंगच्या चाळीस प्रश्नांपैकी जेमतेम दोन-तीन प्रश्नांवर अवलंबून आहे, कारण 8 बँडसाठी साधारण 35 उत्तरे बरोबर यावी लागतात.

हे दोन-तीन प्रश्न इंग्रजी कमी पडल्यामुळे क्वचितच जातात. अनेकवचनाचा शेवटचा 'एस' लिहायचा राहतो, स्पेलिंग चुकते, दोन शब्दांची मर्यादा असताना तीन लिहिले जातात, किंवा बोलणारा आधी मंगळवार सांगून नंतर तो बदलून गुरुवार करतो आणि आपण मंगळवार लिहून मोकळे झालेलो असतो. ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, त्यामुळे सरावातही ती एकदाच ऐकावी. मात्र उत्तरे तपासून झाल्यावर तीच फीत संहिता समोर ठेवून पुन्हा ऐकावी आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे. असे काही संच झाले की आपली चूक कोणत्या प्रकारची आहे, ते स्पष्ट दिसू लागते. इंग्रजी मालिका पाहून सराव करणाऱ्यांनी खालची अक्षरे बंद ठेवावीत, नाहीतर तो सराव वाचनाचा होतो. चौथ्या भागात एकच वक्ता सलग व्याख्यान देतो आणि तेथे एक उत्तर निसटले की पुढची तीन निसटतात. निसटलेले सोडून पुढच्या प्रश्नावर डोळे ठेवण्याची सवय त्यासाठी मुद्दाम लावून घ्यावी लागते.

एक सावधगिरी मात्र हवी. कॅनडासाठी दोन वेगवेगळ्या परीक्षांतले चांगले गुण वेचून एकत्र करता येत नाहीत, तेव्हा नव्या परीक्षेत बाकीचे तीन विषय 7 च्या खाली येता कामा नयेत. निकाल दोन वर्षेच ग्राह्य असतो, आणि तो प्रोफाइल भरताना तसेच कायम वास्तव्याचा अर्ज करताना, दोन्ही दिवशी मुदतीत असावा लागतो.

प्रश्न : मी नाशिक रोड येथे एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. शाळा निफाड तालुक्यात मराठी माध्यमात झाली, पुढे बी.एस्सी. नर्सिंग केले. ब्रिटनमध्ये नोंदणी करण्यासाठी आयईएलटीएस अकॅडेमिक दिली. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग प्रत्येकी 7, पण रायटिंग 6. मैत्रिणी म्हणतात, आयईएलटीएस सोड आणि ओईटी ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजी परीक्षा दे, ती सोपी असते. व्याकरणाचे नियम मला पाठ आहेत, तरी रायटिंग का अडते?

उत्तर : प्रथम तुमचे स्थान समजून घ्या, कारण तुम्हाला वाटते त्यापेक्षा ते बरेच चांगले आहे. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगमध्ये 7 मागते, रायटिंगमध्ये मात्र 6.5. तुम्ही अर्ध्या बँडाने मागे आहात. शिवाय ही कौन्सिल बारा महिन्यांच्या आत दिलेल्या एकाच परीक्षेच्या दोन निकालांतील गुण एकत्र धरते; अट इतकीच की कोणत्याही वेळी त्या तीन विषयांत 6.5 पेक्षा आणि रायटिंगमध्ये 6 पेक्षा कमी गुण नसावेत. तुमचा पहिला निकाल या अटीत बसतो. म्हणजे मुदतीच्या आत पुन्हा परीक्षा देऊन रायटिंगमध्ये 6.5 मिळवले आणि बाकीचे 6.5 च्या खाली जाऊ दिले नाहीत, तर काम झाले. ओईटीकडे वळलात, तर हाती आलेले तीन सात सोडून चारही विषय नव्याने मिळवावे लागतील, आणि तिची फीही बरीच जास्त आहे. पहिलीच परीक्षा देणाऱ्या नर्सला मी ओईटीचा विचार जरूर करायला सांगेन, कारण तिच्यात विषय रुग्णालयातलेच असतात आणि लेखनात रुग्णाच्या नोंदींवरून पत्र लिहायचे असते. तुमच्या बाबतीत मात्र बदल करू नये, असे माझे मत आहे.

आता रायटिंगविषयी. तुम्ही दिवसभर इंग्रजी लिहिता, पण ते हँडओव्हरचे, म्हणजे पाळी बदलताना द्यायच्या नोंदींचे, इंग्रजी असते : 'पेशंट स्टेबल, व्हायटल्स नॉर्मल, डिस्चार्ज टुमॉरो'. त्यात क्रियापद नसते, 'ए', 'अँड' नसतात, 'द' तर नसतोच, आणि वॉर्डात त्याने कोणाचे काही बिघडत नाही. मराठीतही 'द' सारखे काही नसल्यामुळे तो गळाला, हे आपल्या कानाला खटकत नाही. व्याकरणाचे नियम पाठ असूनही निबंधात हेच गळते, कारण नियम आठवायला वेळ लागतो आणि हात सवयीने चालतो. रोजच्या नोंदींपैकी एक घेऊन ती घरी पूर्ण वाक्यांत लिहून काढण्याचा सराव करा, अर्थात रुग्णाचे नाव वगळून.

दुसरी अडचण मराठी शाळेतल्या निबंधाची आहे. आपल्याला सुविचाराने सुरुवात करायला, विषयाची महती गायला आणि दोन्ही बाजू सांगून शेवट गोड करायला शिकवलेले असते. येथे परीक्षक प्रश्नाचे थेट उत्तर शोधतो. तुम्ही सहमत आहात का, असे विचारले असेल, तर पहिल्याच परिच्छेदात तसे सांगावे लागते आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याच मतासाठी एक कारण व त्याचे एक उदाहरण घेऊन यावा लागतो. 'करून', 'जाऊन', 'असल्यामुळे' अशी लांबलचक मराठी वाक्ये इंग्रजीत उतरवताना मध्ये स्वल्पविराम टाकून तीन वाक्ये एकत्र शिवली जातात. तेथे पूर्णविराम द्या. आणि वेळेचे गणित बघा. दुसऱ्या कार्याला, म्हणजे निबंधाला, पहिल्याच्या, म्हणजे आलेखाच्या वर्णनाच्या, दुप्पट महत्त्व आहे. आलेखाच्या वर्णनात अर्धा तास घालवणारे अनेक परीक्षार्थी निबंधाचा शेवट घाईत करतात आणि 250 शब्दही भरत नाहीत. आलेखाला वीस मिनिटे, त्याहून एक मिनिटही जास्त नको.

नर्सिंग कौन्सिलने मान्य केलेली भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर व्हिसासाठी इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे कोणी तसे सांगून दुसरी नावनोंदणी करायला लावत असेल, तर करू नका.

प्रश्न : कॅनडाचा अर्ज मी मुख्य अर्जदार म्हणून करणार आहे. पत्नी पंचवटीतील एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिने परीक्षा दिलीच पाहिजे का?

उत्तर : सक्ती नाही, पण न देणे महागात पडेल. जोडीदाराच्या भाषेसाठी चारही कौशल्यांत मिळून 20 पर्यंत गुण मिळतात आणि परीक्षा न दिल्यास शून्य. त्याआधी दोघांचेही गुण मुख्य अर्जदार म्हणून मांडून पाहा. इंग्रजी शिकवणारी व्यक्ती घरात असताना मुख्य अर्जदार पतीच असावा, असा कोणताही नियम कॅनडाने केलेला नाही.

प्रश्न : मी अंबडला एका कारखान्यात देखभाल विभागात अभियंता आहे आणि ऑस्ट्रेलियासाठी प्रयत्न करतो आहे. परीक्षकासमोर बोलताना माझी जीभ अडखळते, म्हणून संगणकासमोर बोलायची पीटीई ही इंग्रजी परीक्षा निवडावी, असे वाटते. पूर्वी चारही विषयांत 65 पुरत असत, असे ऐकले. उच्चार मराठी वळणाचे आहेत, त्याचे काय?

उत्तर : तुम्ही ऐकलेला आकडा जुना आहे. 7 ऑगस्ट 2025 पासून दिलेल्या परीक्षांसाठी ऑस्ट्रेलियाने पीटीईचे आकडे बदलले. स्थलांतराच्या अर्जात 10 गुण मिळवून देणाऱ्या 'प्रोफिशियंट' पातळीसाठी आता लिसनिंग 58, रीडिंग 59, रायटिंग 69 आणि स्पीकिंग 76 लागतात. ऐकणे-वाचणे थोडे सैल झाले आणि बोलण्याचा उंबरठा चांगलाच वर गेला. आयईएलटीएसमध्ये याच पातळीला पूर्वीप्रमाणे प्रत्येकी 7 लागतात. ज्याचे बोलणेच कच्चे आहे, त्याने केवळ भीतीपोटी पीटीई घेणे आता पूर्वीइतके शहाणपणाचे राहिलेले नाही. संगणक रागावत नाही हे खरे, पण तो थांबूनही घेत नाही. पीटीईत तीन सेकंद गप्प राहिलात की ध्वनिमुद्रण बंद होते. आयईएलटीएसमधील परीक्षक 11 ते 14 मिनिटे समोर असतो आणि प्रश्न कळला नाही, तर त्याला तो पुन्हा विचारता येतो. दोन्ही परीक्षांचा एकेक पूर्ण नमुना संच देऊन पाहा आणि मग ठरवा.

मराठी वळणाचे उच्चार असणे हा दोष नाही. आयईएलटीएसमध्ये तरी बोललेले सहज समजते का, हेच पाहिले जाते. सुधारण्यासारखे आहे ते वेगळेच. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखाच भार देतो, इंग्रजी शब्दात मात्र एका अक्षरावर जोर असतो आणि तो चुकला की ऐकणारा अडतो. ऱ्हस्व-दीर्घ 'इ' आपण बोलताना वेगळे ठेवत नाही, त्यामुळे जहाज आणि मेंढी हे दोन शब्द इंग्रजीत एकसारखे निघतात. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचेही तसेच. शिफ्ट संपल्यावर त्या दिवशी कोणते यंत्र का बंद पडले, हे मोबाइलवर दोन मिनिटे इंग्रजीत न थांबता बोलून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. विषय ओळखीचा असल्यामुळे काय बोलावे हा प्रश्न उरत नाही, आणि कसे बोललो एवढेच ऐकू येते.

प्रश्न : माझी मुलगी बी.फार्म. असून आम्ही सिन्नरला राहतो. कॅनडासाठी तिला कॉलेज रोडवरील एका क्लासने बँडची हमी दिली आहे आणि पन्नास निबंध पाठ करायला दिले आहेत. एक एजंट तर परीक्षा न देता प्रमाणपत्र आणून देतो म्हणतो. तिच्या पासपोर्टची मुदतही लवकरच संपते. काय करावे?

उत्तर : एजंटाशी संबंध आजच तोडा. परीक्षेच्या दिवशी पासपोर्टवरून ओळख पटवून छायाचित्र घेतले जाते, आणि निकाल पाहणारी संस्था तो परीक्षा घेणाऱ्यांकडून थेट पडताळून घेते. खोटा निकाल जोडल्याचे उघड झाले, तर कॅनडा पाच वर्षे अर्जच करू देत नाही; त्या पाच वर्षांत वयाचे गुणही घटू शकतात.

पाठ केलेले निबंध ओळखण्याचे प्रशिक्षण परीक्षकांना असते आणि त्यांना गुण मिळत नाहीत, उलट बँड घसरतो. हमी देणाऱ्या क्लासला एवढेच विचारा की मुलीने लिहिलेला निबंध कोण तपासणार, आठवड्याला किती, आणि तपासलेला कागद तिच्या हातात परत मिळणार का. या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले, तर फी भरावी. नाहीतर परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर नमुना संच विनामूल्य आहेत, ते सोडवून केवळ लेखन तपासून देणारी एखादी चांगली शिक्षिका सिन्नरमध्येही मिळेल.

पासपोर्टचे नूतनीकरण आधी करा आणि नवा हाती आल्यावरच परीक्षेची नावनोंदणी करा, कारण नावनोंदणीत दिलेला पासपोर्टच परीक्षेच्या दिवशी दाखवावा लागतो. नाव भरताना आपल्याकडे नेहमी होणारा घोळ टाळा : पासपोर्टवर मुलीच्या नावाला जोडून तुमचे नाव असेल, तर फॉर्मवरही ते त्याच रकान्यात, त्याच क्रमाने यायला हवे.